एक्केचाळीस काड्यांची जुडी

येय नोपला आकडे कळतात हे मला वयाची पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी गावच्या शाळेत गणित शिकवतो. हे कबूल करताना अजून माझी मान खाली जाते.

स्तुंग सेन नदीच्या वळणावर, विहाराकडे जाणाऱ्या वाटेला तिचं खांबांवरचं घर आहे. वर राहायचं, खाली सावलीत चटईचा माग. तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती, सगळ्या गावाची येय, म्हणजे आजी. अंगाने काटकुळी, केस बारीक कापलेले, दात सुपारीने काळे पडलेले. नदीकाठचे लव्हाळे कापून आणायचे, चिरायचे, वाळवायचे, निम्म्या काड्या लाल रंगात बुडवायच्या आणि सकाळपासून विणत बसायचं. माझ्या लग्नात तिने दिलेली चटई तेवीस वर्षांत काठाला कुठे उसवलेली नाही. लग्नाबद्दल एवढ्या खात्रीने बोलता येणार नाही.

वाटेने जाणाऱ्या कुणालाही ती सुकं सोडत नसे. मला म्हणायची, "क्रू, तुझं पोट पुढे नि तू मागे. शाळेत आधी कोण पोचतं?" आमच्याकडे मास्तराला क्रू म्हणतात, आणि त्या शब्दात जो आदर असतो तो तिच्या तोंडी आला की कुठे गळून पडायचा कोण जाणे. पण मला ती आवडायची. सकाळी तिची दोन बोलणी खाल्ल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

तिचा थोरला भाऊ इम विहाराचा आचार, म्हणजे विधी आणि मुहूर्त बघणारा माणूस, होता. लग्नाची वेळ, घराचा पहिला खांब रोवायचा दिवस, गेलेल्या माणसाचा शंभरावा दिवस, सगळं गाव त्याला विचारून करायचं. अबोल माणूस, पाठ ताठ, वय एकोणऐंशी. त्याचं खरं काम मात्र वर्षातून एकदा यायचं. नव्या वर्षाच्या सणाच्या तिसऱ्या दिवशी जुनं साल उतरतं आणि नवं चढतं, ती घटका काढायची. त्या घटकेला विहारातली घंटा होते, बुद्धाच्या मूर्तीला सुवासिक पाणी घालतात, आणि मग धाकटे थोरल्यांच्या हातांवर पाणी घालून वर्षभरात दुखावलं असेल त्याची माफी मागतात.

घटका काढायची रीत जुनी आहे. सालाचा आकडा घ्यायचा आणि त्याला दोन लाख ब्याण्णव हजार दोनशे सातने गुणायचं. आठशे सालांचे तेवढे दिवस होतात. आलेल्या गुणाकारात तीनशे त्र्याहत्तर मिळवायचे आणि आठशेने भागायचं. भागाकारातून दिवस निघतो आणि बाकीतून वेळ. बाकी चारशे उरली तर दुपारचे बारा, सहाशे उरली तर संध्याकाळचे सहा.

ता इम, म्हणजे इमआजोबा, हे सगळं काळ्या पाटीवर खडूने करायचा, आणि बापाने घालून दिलेल्या नेमाने करायचा. गेल्या सालच्या उत्तरावर टेकायचं नाही. दर साली पाटी कोरी, म्हणजे जुनी चूक पुढे चालत येत नाही. गुणाकार झाला की नऊची पारख लावायची: सगळ्या आकड्यांची बेरीज करत करत एका आकड्यावर आणायची, ती दोन्हीकडे जुळली पाहिजे. आणि साल चढेपर्यंत पाटी पुसायची नाही, कुणी शंका काढली तर दाखवता यावी म्हणून. शंका कुणी कधी काढली नव्हती.

त्या साली मात्र विहार समितीचा अध्यक्ष लोन टपून बसला होता. हा लोन माझा मेहुणा, म्हणून मी जरा जपून बोलतो. माणूस वाईट नाही, पण नवा रेडिओ घेतल्यापासून त्याला गावात दुसरं कुणी बोललेलं खपत नाही. रेडिओवर सगळ्या वेळा मिनिटासकट सांगतात, मग म्हाताऱ्याच्या डोळ्यांना त्रास कशाला, असं तो दर बैठकीत म्हणायचा. ता इमच्या डाव्या डोळ्यात पडदा आला होता हे खरंच होतं. एखादी चूक सापडली असती, तर लोनने पाटी आदराने कपाटात ठेवून कुलूप लावलं असतं.

आमच्या जुन्या गणनेतला सालाचा आकडा होता एक हजार तीनशे एकसष्ट. दहा दिवस आधी ता इमने भोंग्यावरून सांगितलं की शुक्रवारी दुपारी चार वाजून एकवीस मिनिटांनी साल चढेल. लोनने ते फाटकाजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी येय नोपच्या घरावरून चाललो होतो. पोटाबद्दल काहीच ऐकू आलं नाही, तेव्हाच मला वेगळं वाटलं. माग थांबवून तिने हाक मारली.

"क्रू, इकडे ये. गुणाकार येतो ना तुला?"

मी म्हटलं, शिकवतो तरी.

"शिकवणं वेगळं. बाँगची घटका चुकलीय. चार एकवीस नाही, बरोबर तीन."

बाँग म्हणजे थोरला भाऊ, ता इम. मला हसू आलं. मी विचारलं, पाटी पाहिलीस का? ती म्हणाली, पाटी कशाला पाहायची, गेल्या साली सकाळी आठ सत्तेचाळीसला घंटा झाली होती ना. दर साली घटका सहा तास बारा मिनिटांनी पुढे सरकते, वर थोडे सेकंद. आठ सत्तेचाळीसच्या पुढे तेवढा वेळ मोजला की तीन होतात. कारण त्या मोठ्या आकड्यातून आठशेचे पूर्ण भाग काढले की दोनशे सात उरतात, म्हणून बाकी दर साली दोनशे सातने वाढते. आठशेच्या वर गेली की आठशे टाकून द्यायचे. गेल्या साली दोनशे त्र्याण्णव होती, औंदा पाचशे.

"आणि आठशे सालांत एक बाकी दोनदा येत नाही," ती म्हणाली. "पाचशे परत यायची ती आठशे वर्षांनी. तेव्हाही तीनच वाजलेले असतील, पण वार गुरुवार. एक वार मागे जातो. तू नसशील, तुझं पोट असेल कदाचित."

मी तिच्यासमोर चटईवर बसलो. बसलो म्हणजे बसकणच मारली.

मग तिने सांगितलं. बाप वर ओसरीवर बसून इमला शिकवायचा, मोठमोठ्याने. ही खाली माग चालवायची, आणि फळ्यांच्या फटींतून सगळं खाली गळायचं. पाटी भावाला मिळाली, माग तिला मिळाला. त्यात कुणाला वावगं वाटलं नाही, तिलाही नाही. पण तो मोठा आकडा तिच्या डोक्यात बसला. हाताला काम आणि डोकं रिकामं, तेव्हा ती त्याच्याशी खेळायची. तेवढ्या काड्या आहेत असं धरायचं आणि सारख्या जुड्या बांधायच्या. दोन-दोनच्या बांधल्या तर एक काडी उरते. तीन-तीनच्या, तरी एक. सातच्या, सहा उरतात. तेराच्या, सहा. एकोणिसाच्या, पुन्हा सहाच. एकतीसच्या बांधल्या तेव्हा एकच उरली, आणि ती दोन दिवस हळहळली. पावसाळा संपता संपता एक्केचाळीसवर आली. सात हजार एकशे सत्तावीस जुड्या झाल्या आणि एकही काडी उरली नाही. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पुढे त्या सात हजार एकशे सत्तावीसलाही फोडायला गेली, पण तो तसूभर हलला नाही.

"सांगितलं नाहीस कुणाला?"

"बाँगला सांगितलं. तो हसला. म्हणाला, हा आकडा देवांचा आहे, चटया विणायचा नाही."

मी खिशातला कॅल्क्युलेटर काढला आणि भागून पाहिलं. सात हजार एकशे सत्तावीस, टिंबापुढे काही नाही. बॅटरी उतरली असेल म्हणून पुन्हा केलं. अठ्ठावीस वर्षं मी मुलांना भाजक शिकवले. घरासमोरच्या विहाराचा आकडा कधी फोडून पाहिला नव्हता. लाज वाटली, आणि खरं सांगतो, त्याहून जास्त मजा वाटली.

ती म्हणाली, बाँगला गेल्या सालचं सांगून उपयोग नाही, तो टेकणार नाही. त्याच्याच पाटीवर दाखवायला हवं. गुणाकार बरोबर असेल तर त्याच्याही एक्केचाळीसच्या जुड्या काही न उरता बसल्या पाहिजेत, कारण मूळ आकडाच तसा आहे. मोजायला सोपं आहे, एक लाख काड्यांच्या जुड्या बांधल्या तर एकच उरते. म्हणून जितके लाख तितक्या काड्या धरायच्या, त्या लाखाखालच्या आकड्यात मिळवायच्या आणि मग भागायचं.

"मग तूच चल की," मी म्हटलं.

"नाही. तुझं म्हणून सांग. बहिणीने काढलेली चूक त्याला लागेल. मास्तरांचं कामच चुका काढायचं, तुमचं कुणी मनावर घेत नाही." मग ती काड्या सारख्या करत राहिली. "आणि लोनला कळायच्या आत सांग. पाटी गेली तर बाँगचं काय उरतं, क्रू?"

त्यानंतर ती जे बोलली ते तिने पुन्हा कधी काढलं नाही, मीही विचारलं नाही. विहार बंद करून माणसांना छावण्यांत हाकललं, त्या वाईट सालांत भाऊ एका छावणीत होता, ती दुसऱ्या. विहार ओस, घंटा नाही, पाटी फुटलेली. ती दर साली मनात दोनशे सात मिळवत गेली. घटका आली की सूर्य बघून अंदाजाने शेतात थांबायची आणि मनातल्या मनात भावाच्या हातांवर पाणी घालायची. तो जिवंत आहे का हे तेव्हा तिला माहीत नव्हतं.

घरी जाऊन मी गुणाकार केला. माझा कॅल्क्युलेटर आठ आकड्यांपुढे हात वर करतो, म्हणून कागदावरच. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा वेगळा चुकला, तिसऱ्यांदा आला: एकोणचाळीस कोटी शहात्तर लाख त्र्याण्णव हजार सातशे सत्तावीस. कागद घेऊन मी विहारात गेलो.

ता इम सभागृहात खांबाला टेकून बसला होता, पाटी शेजारी. मी इकडचं तिकडचं बोललो आणि पाटी बघायला मागितली. तिच्यावर गुणाकाराचा शेवट होता सातशे बाहत्तर. दोन आणि सात उलटे पडले होते. तेवढ्याने बाकी पाचशेची पाचशे पंचेचाळीस झाली होती आणि तीनचे चार एकवीस.

मी माझा कागद पुढे केला. त्याने डोळ्याजवळ धरून वाचला आणि शांतपणे म्हणाला, नऊची पारख माझ्यालाही लागते नि तुझ्यालाही. आणि ते बरोबर होतं. शेजारचे दोन आकडे उलटे झाले की फरक नेहमी नऊच्या पटीतला पडतो. त्या चुकीला नऊ आंधळा. मी म्हटलं, आपण एक्केचाळीसने बघू. त्याच्या आकड्यात तीन हजार नऊशे शहात्तर लाख. तेवढ्या काड्या त्र्याण्णव हजार सातशे बाहत्तरमध्ये मिळवल्या आणि एक्केचाळीसने भागलं. चार उरल्या. माझ्या आकड्याचं केलं. एकही उरली नाही.

त्याने उलट्या पडलेल्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं. मग विचारलं, "एक्केचाळीस कुठून आणलास?"

"पुस्तकात वाचलं."

"ते पुस्तक चटया विणतं का?"

मी कागदाची घडी घालायला लागलो. मला खोटं बोलता येत नाही हा माझा गुण नाही, अडचण आहे. त्याने पाटी उलटी करून ठेवली आणि डोळे मिटले. मी उठलो.

पुढचे आठ दिवस फळ्यावर चार एकवीस तसेच होते. येय नोप मला रोज केळीच्या पानात बांधलेला चिकट भात देऊन विहाराकडे पाठवायची, भाऊ जेवतो का बघायला म्हणून, म्हणजे फळा बघायला. मी परत येऊन मान हलवली की ती काड्या भिजवायला घ्यायची. एकदा लाल काठात तिची एक काडी चुकली आणि तिला ती दिसली नाही. तेव्हा मला भाऊबहिणींचा राग आला, दोघांचाही. एकाला कबूल करायचं नव्हतं, दुसरीला नाव सांगायचं नव्हतं, आणि मधल्या मधे माझी तंगडतोड. चूक कबूल केली तर लोनचं फावणार, न केली तर सगळं गाव चुकीच्या वेळी पाणी घालणार. मला यातून वाट दिसत नव्हती.

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला आम्ही जेवून आडवे झालो होतो, तेव्हा भोंगा खरखरला.

"मी आचार इम बोलतोय. फळ्यावरची वेळ चुकली आहे. साल तीन वाजता चढतंय. आकडे मी उलटे लिहिले. नऊची पारख लावली होती, तिला ती चूक दिसत नाही. एक्केचाळीसची लावली की दिसते. ती पारख माझ्या बहिणीची आहे. सगळ्यांनी यावं."

मग अशी पळापळ झाली की विचारू नका. कुणाचं चमेलीचं पाणी तयार नव्हतं, कुणाची सून नदीवर, आमचा लोन तर उघड्या अंगाने गळ्यात चौकडीचं उपरणं, आमचा क्रामा, टाकून धावत आला आणि फळा पुसायला ओला हात लावून सगळा चिखल करून बसला. येय नोपला मी घरासमोर गाठलं. ती चिडली होती. माझं नाव भोंग्यावर घ्यायला मी काय निवडणुकीला उभी आहे, म्हणाली. पण पाय विहाराकडेच वळत होते, आणि ती माझ्यापुढे चालत होती.

सभागृहात वडीलधारे रांगेत बसले होते, पहिल्या जागेवर ता इम. येय नोप नेहमीप्रमाणे वाडगा घेऊन त्याच्यासमोर गुडघे टेकायला वाकली. त्याने तिच्या हातातला वाडगा काढून घेतला, उठला, आणि आपल्या जागेकडे बोट दाखवलं. थोरल्याने धाकटीला पाणी घालायचं, असं आमच्यात कधी कुणी पाहिलं नाही. रांगेत कुजबुज सुरू झाली.

"बाँग, लोक बघतायत," ती हळूच म्हणाली.

"बघू देत. दोन मिनिटं राहिलीत, बस."

ती बसली. घंटा झाली. बुद्धाला पाणी घालून तो परत आला, दुखऱ्या गुडघ्यांवर तिच्यासमोर टेकला आणि तिच्या हातांवर पाणी सोडलं. हात लाल रंगाने डागळलेले होते, तो रंग कधी जातच नाही. तो म्हणाला, "तू सांगितलंस तेव्हा मी हसलो होतो. साठ वर्षं झाली. दर साली तू माझी माफी मागत आलीस, मी मागितली नाही. आज मागतो."

जिने उभ्या गावाला कधी उत्तरावाचून ठेवलं नाही, तीच ही. तिने नुसते हात जोडले आणि पाणी कोपरांवरून गळत राहिलं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, शेजारचेही लपवत नव्हते.

लोनला मात्र राहवलं नाही. घसा खाकरून तो म्हणाला, झालं ते छान झालं, पण पुढच्या सालचं काय? रेडिओवरच विसंबलेलं बरं, नाही का?

ता इमने मागे वळूनही पाहिलं नाही. "पुढच्या सालचं तिला विचार."

येय नोपने हात झटकले. "बाकी सातशे सात," ती म्हणाली. "रात्री नऊ वाजून बारा मिनिटं. आत्ताच लिही, आधी हात पूस."

"रात्री नऊ? तोपर्यंत या म्हाताऱ्यांना जागं कोण ठेवणार?"

"मी ठेवीन," ती म्हणाली. "गुणाकार बाँग करणार, पारख मी करणार. त्याला आता मरायला सवड नाही."